नुसता एमबीबीएस

बारावीनंतर ज्याच्या फोटोचा फ्लेक्स चौकात लागला होता, त्याच मुलाला साडेपाच वर्षांनी, इंटर्नशिप संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोसायटीतले लोक जिन्यात अडवून विचारतात, "मग, आता पुढे काय?" तो तोंड उघडायच्या आत उत्तरही तेच देतात, "नुसत्या एमबीबीएसला हल्ली कोण विचारतं म्हणा!" आणि भाजीची पिशवी सावरत वर निघून जातात. रात्री अडीच वाजता त्यांच्या छातीत कळ आली की बेल मात्र याच नुसत्याच्या दाराची वाजते.

या नुसतेपणावर दोन उपाय आहेत. एक, अभ्यासिकेत खुर्ची भाड्याने घ्यायची आणि नीट पीजी या प्रवेश परीक्षेसाठी वर्षभर, जमलं नाही तर आणखी वर्षभर, मान खाली घालून बसायचं. दुसरा उपाय मँचेस्टर.

आमच्या ताईच्या मुलाने दुसरा निवडला. आधी सरकारी कॉलेजचा एक वर्षाचा बाँड एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पुरा केला, कारण तो टाळला तर भरायचे १० लाख रुपये ताईकडे नव्हते. मग एक दिवस जेवताना म्हणाला, "मामा, मी प्लॅब देतोय." माझं सगळं आयुष्य बँकेत गेलं. मला 'स्लॅब' ऐकू आलं. म्हटलं, बांधकामात पडत असशील तर उत्तम, कर्ज मी मिळवून देतो.

प्लॅब म्हणजे बाहेर शिकलेल्या डॉक्टरांसाठी ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने घेतलेली परीक्षा. पूर्वी ही भानगड नव्हती. १९४८ साली तिकडे एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, सगळ्यांना मोफत उपचार मिळू लागले आणि डॉक्टर पुरेनात. आपल्याकडची पदवी थेट चालायची, त्यामुळे पुढच्या दोन दशकांत आपले डॉक्टर भराभर गेले आणि जिथे गोरा डॉक्टर जायला तयार नव्हता तिथे, वेल्सच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यांत वगैरे, दवाखाने थाटून बसले. १९७५ साली कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली आणि परीक्षा बसवली. म्हणजे सत्तावीस वर्षं आपल्या माणसांकडून सुया टोचून घेऊन झाल्यावर यांना विचार सुचला, की अरे, हे नक्की डॉक्टरच आहेत ना?

आधी इंग्रजी येतं हे सिद्ध करायचं. आयईएलटीएसमध्ये एकूण साडेसात, आणि कुठल्याही विभागात सातच्या खाली यायचं नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या भाच्याने ते पहिल्या फटक्यात केलं. पुढे यॉर्कशरमधल्या म्हाताऱ्यांशी बोलायची वेळ आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की ही परीक्षा खरं तर त्यांची घ्यायला हवी होती.

प्लॅबचा पहिला भाग म्हणजे ३ तासांत १८० प्रश्न, पर्यायांतून उत्तर निवडायचं. हे आपल्या पोरांना झोपेत जमतं. खरी गंमत दुसऱ्या भागात आहे. तो द्यायला मँचेस्टरलाच जावं लागतं, फी हजार पौंडांच्या घरात, आणि तिथे लेखी काही नाहीच. १६ प्रसंग. दाराबाहेर लावलेला कागद वाचायला दीड मिनिट, आत जाऊन प्रसंग निभावायला ८ मिनिटं. आत पेशंट म्हणून बसलेला असतो तो चक्क पगारी नट. रडायचं कधी, चिडायचं कधी, कुठला प्रश्न विचारल्याशिवाय दारूचं व्यसन कबूल करायचं नाही, हे सगळं त्याला ठरवून दिलेलं असतं. पुरुषोत्तम करंडकात जीव तोडून रडलेल्या आपल्याकडच्या नटांना, रडण्याचे असे पौंडांत पैसे मिळतात हे कळलं तर भरत नाट्य मंदिरासमोरची रांग उद्या व्हिसाच्या दारात दिसेल.

निघण्याआधी भाचा रात्री खोलीचं दार लावून लॅपटॉपवर सराव करायचा. एका रात्री ताई पाणी प्यायला उठली, तर आतून त्याचा आवाज. अतिशय हळू, मऊ, तिच्याशी कधीही न वापरलेला. "मला सांगताना वाईट वाटतंय, पण रिपोर्ट चांगले नाहीत. तुमच्यासोबत घरचं कुणी आहे का?" ताई इंग्रजी बेताचंच जाणते, पण एवढं तिला कळलं. तिने देवापुढे दिवा लावला आणि मला फोन केला. मी रिक्षा करून पोहोचेपर्यंत आतल्या पेशंटला कर्करोग पचला होता आणि आता त्याला सिगारेट सोडायला सांगणं चाललं होतं.

मँचेस्टरला गेल्यावर सराव प्रत्यक्ष. या परीक्षेसाठी तिथे आणि लंडनच्या ईस्ट हॅम भागात, एकेका घरात देशोदेशींचे डॉक्टर राहतात. सगळे एकमेकांचे डॉक्टर आणि सगळे एकमेकांचे पेशंट. भाचा सकाळी लघवीवर ताबा न राहिलेली बासष्ट वर्षांची विधवा असायचा आणि दुपारी, मुलाला लस टोचू न देणारा संतापलेला बाप. त्याचा जोडीदार कराचीचा होता. दोघांनी एकमेकांना इतक्या वेळा कर्करोग सांगितला की शेवटी सांगणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी यायला लागलं. भारत-पाकिस्तान चर्चेत एवढी आपुलकी मी तरी कुठे वाचलेली नाही.

काही प्रसंगांत माणूस नसतो, प्लास्टिकचा पुतळा असतो. पण पुतळा झाला म्हणून काय झालं? त्यालाही नाव सांगायचं, हात धुतल्याचं दिसू द्यायचं, 'तुम्हाला तपासलं तर चालेल ना' विचारायचं, 'दुखलं तर सांगा' म्हणायचं. सरकारी वॉर्डात एका रात्रीत तीस जणांचं रक्त काढलेल्या भाच्याला पहिल्यांदा हे जमेना. तीस जिवंत माणसांना त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि इथे धडाला डोकंही नसलेल्या एका हाताची परवानगी मागायची होती.

एक नेहमीचा प्रसंग असा, की वरिष्ठ डॉक्टर सकाळी कामावर आलाय आणि त्याच्या तोंडाला दारूचा वास येतोय. तुम्ही काय कराल? भाच्याने पहिल्या सरावात सरळ उत्तर दिलं, "सरांना चहा देईन, आणि त्यांची ओपीडी मी उरकेन." जोडीदार म्हणाला, नापास. त्याच्याशी एकांतात बोलायचं, त्याला पेशंटपासून दूर करायचं, वर कळवायचं. आणि तरीही त्याच्या घरी सगळं ठीक आहे ना, हे आधी विचारायचं. भाच्याला ते पटलं. पण पटायला एक आठवडा लागला, कारण मधल्या काळात तो मनातल्या मनात आपल्या सगळ्या सरांना वर कळवत होता.

पास झाल्यावर ताईने पेढे वाटले. तेव्हा भाचा मँचेस्टरला भाड्याच्या खोलीत, रीतसर नोंदणी झालेला बेकार डॉक्टर म्हणून अर्जांमागून अर्ज करत होता. अनुभव असल्याशिवाय नोकरी नाही, नोकरी असल्याशिवाय अनुभव नाही. मधली फट बुजवायला क्लिनिकल अटॅचमेंट नावाचा प्रकार आहे. त्यात डॉक्टरने डॉक्टरच्या मागे फिरायचं, हात मागे बांधून बघायचं, पगार मागायचा नाही. शेवटी उत्तर इंग्लंडमधल्या एका गावातून बोलावणं आलं. ताई आजही सगळ्यांना 'लंडनला असतो' असंच सांगते. तिच्या मते ते सगळं लंडनच आहे, मधे मधे शेतं आहेत एवढंच.

तिकडच्या नव्या डॉक्टरांसाठी २००५ पासून दोन वर्षांचा फाउंडेशन प्रोग्राम आहे. पहिल्या वर्षाला एफ-वन म्हणतात, दुसऱ्याला एफ-टू. आपल्याकडून इंटर्नशिप करून गेलेला सहसा दुसऱ्याच्या बरोबरीने उभा राहतो, पण प्रोग्रामच्या बाहेर. पदाचं नाव ट्रस्ट ग्रेड, किंवा जरा भारदस्त हवं असेल तर क्लिनिकल फेलो. काम तेच, रात्रपाळ्या त्याच. पुढे स्पेशलायझेशनला अर्ज करायचा तर क्रेस्ट नावाच्या लांबलचक फॉर्मवर एखाद्या कन्सल्टंटची सही लागते, की हा मुलगा एफ-टूला यायला हवं ते सगळं शिकलाय. ज्याने पेट्रोमॅक्स आणि टॉर्चच्या उजेडात बाळंतपणं केली त्याला आता कुणीतरी लेखी द्यायचं होतं, की याला पेशंटशी बोलता येतं.

देशभरातले हे सगळे नवे डॉक्टर एकाच दिवशी कामावर येतात, ऑगस्टमधल्या पहिल्या बुधवारी. जुने त्याच दिवशी दुसरीकडे जातात. इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००९ साली इंग्लंडचे आकडे तपासले. त्या बुधवारी तातडीने दाखल झालेल्यांचा मृत्यूचा धोका आदल्या आठवड्यातल्या बुधवारपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी जास्त निघाला. या देशाने आपल्याला रेल्वे दिली, कायदे दिले, पण आपल्याकडून एक साधं पंचांग घेतलं असतं तर एवढा कुयोग नजरेस आला नसता का?

भाचा रुजू झाल्यानंतर काही महिन्यांनी मी तिकडे राहायला गेलो. बाहेर पाऊस आणि आत हीटर, त्यामुळे त्याच्या कामाच्या गोष्टी ऐकण्याखेरीज दुसरा उद्योग नव्हता. पहिल्याच दिवशी त्याचं मनगटावरचं घड्याळ उतरवलं गेलं होतं. कोपराखाली काही घालायचं नाही, जंतू पसरतात म्हणून. लांब बाह्यांचा पांढरा कोटही याच कारणाने गेला. ताईने कडक इस्त्री करून दिलेले तीन पांढरे कोट बॅगेतून निघाले, कपाटाच्या तळाशी गेले आणि माझ्या डोळ्यांदेखत एकाचा उपयोग खिडकीतून येणारा वारा अडवायला झाला.

पण कोटाचं काय एवढं. खरी पंचाईत झाली नावांची. कन्सल्टंट, म्हणजे आपल्याकडे ज्यांच्यासमोर इंटर्न श्वाससुद्धा विचारून घेतो ते, पहिल्या दिवशी हात पुढे करून आपलं पाळण्यातलं नाव सांगतात आणि याच नावाने हाक मार म्हणतात. साठीचा माणूस, डोक्यावर पांढरे केस, आणि याने त्याला अरेतुरे केल्यागत नुसत्या नावाने पुकारायचं! भाच्याने तोड काढली. तो त्यांना हाकच मारायचा नाही. समोर जाऊन उभा राहायचा आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत घसा खाकरायचा. आमच्या आजीने आजोबांबरोबर सगळा संसार असाच केला. निदान आजीला सणासुदीला उखाण्यात नाव घ्यायची सोय होती. मी भाच्यासाठी एक करून दिला: चहात दूध, टोस्टावर लोणी, अमुकरावांचं नाव घेतो, हसू नका कोणी. तो त्याने राउंडला वापरला की नाही, त्याने सांगितलं नाही.

आपल्या सरकारी हॉस्पिटलात वॉर्डबॉय मामा असतो, आया मावशी असते, नर्स सिस्टर आणि पुरुष नर्स ब्रदर. डॉक्टर सोडून सगळे नातेवाईक. तिथे स्ट्रेचर ढकलणाऱ्या पोर्टरपासून सगळ्यांना नाव असतं, आणि ते छातीवर पिवळ्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: नमस्कार, माझं नाव अमुक. त्यामागे केट ग्रेंजर नावाची यॉर्कशरची डॉक्टर आहे. तिला स्वतःला कर्करोग झाला, आणि २०१३ साली दाखल असताना तिच्या लक्षात आलं की तपासायला येणारे फार थोडे जण आधी आपलं नाव सांगतात. तिने तिथूनच मोहीम सुरू केली. २०१६ साली ती गेली. भाचा हे सांगताना नेहमीसारखा हसत नव्हता. म्हणाला, "मामा, मी इंटर्नशिपच्या वर्षभरात एकाही पेशंटला माझं नाव सांगितलेलं नाही. त्यांनी कधी विचारलंही नाही." मी म्हटलं, विचारायला वेळ कुठे होता? एका खाटेवर दोघं, आणि तिसरा खाली सतरंजीवर.

नाव सांगून झालं की पेशंटला तीन गोष्टी विचारायच्या असतात, आणि त्या न विचारल्या तर मँचेस्टरच्या परीक्षेतही मार्क जातात. तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय झालं असेल? तुम्हाला कशाची काळजी वाटते? आणि आमच्याकडून अपेक्षा काय आहेत? भाच्याने आरोग्य केंद्रात हे विचारलं असतं तर? "मला काय वाटतं ते मी कशाला सांगू? मग तुम्ही कशाला बसलाय इथे?" असं म्हणून पेशंट शेजारच्या गावातल्या, सुई देणाऱ्या डॉक्टरकडे गेला असता. आपल्याकडे चांगला डॉक्टर तो, जो नाडी धरताच ओळखतो. विचारणारा डॉक्टर कच्चा.

यॉर्कशरच्या पहिल्या आजोबांनी मात्र नीट विचार करून उत्तर दिलं. वाटतं की हृदयाचं असेल, कारण बायको अशीच गेली. काळजी कुत्र्याची वाटते, त्याला कोण फिरवेल. अपेक्षा, चहा जरा गरम मिळावा. तिन्हींपैकी एका उत्तरात निदान होतं, आणि भाच्याच्या मते ते ईसीजीच्या आधी कळलं. मग त्याने एका सोशल वर्करला फोन करून कुत्र्याची सोय लावली. पुण्यात परतून मी हा किस्सा सांगितला तर आमचे फॅमिली डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "माझ्याकडे दिवसाला ऐंशी पेशंट असतात. प्रत्येकाचं कुत्रं विचारत बसलो तर..." त्यांचंही खरंच आहे. कुत्र्याची चौकशी करायला डोक्यावर पगार देणारं सरकार लागतं, आणि मागे थांबलेली रांग दाराबाहेर नाही तर सहा महिन्यांच्या वेटिंग लिस्टवर लागते, म्हणजे ती दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मला झोपताना बराच वेळ आठवत राहिली. आपल्याकडे वाईट बातमी डॉक्टर पॅसेजमध्ये मुलाला सांगतात, मुलगा मोठ्या जावयाला, जावई सगळ्या गावाला, आणि एकट्या पेशंटला सांगायचं नसतं. 'बाबांना काही बोलू नका हं डॉक्टर.' बाबांना सगळं कळलेलं असतं, तेही पोरांना वाईट वाटू नये म्हणून न कळल्यासारखं करतात, आणि एक अख्खं घर महिनोन् महिने प्रायोगिक नाटक करतं. तिथे आधी पेशंटला सांगतात. पोरांना सांगायचं की नाही, हे पेशंट ठरवतो. हृदय थांबलं तर छाती दाबून परत आणायचा खटाटोप करायचा की नाही, हेही आधीच शांतपणे बोलून एका फॉर्मवर लिहून ठेवतात. भाच्याने ही बोलणी एका नव्वदीच्या बाईंशी केली. बाई म्हणाल्या, नको, आणि मग त्याला विचारलं, "तू जेवलास का?" ताई ऐकत होती व्हिडिओ कॉलवर. म्हणाली, "बघ, आई कुठलीही असो." मला वाटतं तिला त्या गोष्टीतलं एवढंच ऐकायचं होतं.

पण त्याच बाईंना घरी सोडायला तीन आठवडे लागले. आजार बरा झाला होता, घरात जिना होता आणि जिन्यावर कठडा नव्हता. मग कठड्याचे तज्ज्ञ, संडासाच्या उंचीचे तज्ज्ञ, दिवसातून चार वेळा येणारी मदतनीस मिळते का ते बघणारे तज्ज्ञ. भाचा रोज सकाळी राउंडला लिहायचा, 'वैद्यकीयदृष्ट्या घरी जाण्यास योग्य', आणि बाई रोज सकाळी तिथेच. आपल्याकडे त्या दुसऱ्या दिवशी घरी असत्या, चार नातवंडांनी खुर्चीसकट उचलून नेल्या असत्या. त्यासाठी आधी चार नातवंडं जवळपास राहत असायला हवीत. आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या आजींची हल्ली तिकडेच असतात.

भाच्याच्या कमरेला एक डबी असते. पेजर. माझ्या बँकेत १९९८ च्या सुमारास साहेबांकडे असायचा तोच. तिकडे त्याला ब्लीप म्हणतात. तो वाजला की जवळचा टेलिफोन शोधायचा, आकडा फिरवायचा, तोवर पलीकडचा माणूस कंटाळून निघून गेलेला असतो. २०१९ साली त्यांचे आरोग्यमंत्री मॅट हँकॉक यांनी जाहीर केलं, की जगातल्या उरलेल्या पेजरांपैकी दहावा हिस्सा, सुमारे १ लाख ३० हजार, एकट्या एनएचएसमध्ये आहेत, ते २०२१ अखेर काढून टाका. मंत्री गेले, पेजर आहे. मी भाच्याला विचारलं, सगळ्यांकडे मोबाइल असताना हे कशाला? तो म्हणाला, "बॅटरी संपत नाही, तळघरातही वाजतो." आणि तेवढ्यात खरंच वाजला. सुट्टीचा दिवस होता. चुकून खिशात घरी आला होता तो.

आणि चिंतन. हा प्रकार मला सर्वांत आवडला. नव्या डॉक्टरने आपल्या ई-पोर्टफोलिओत, घडलेल्या प्रसंगांवर चिंतन लिहायचं असतं. काय झालं, तेव्हा मला काय वाटलं, पुन्हा झालं तर मी काय वेगळं करीन. चूक झाली तर पेशंटला आपणहून सांगून माफी मागायची, हे तर इंग्लंडमध्ये २०१४ पासून नियमातच आहे. आपल्याकडेही चिंतन असतं, फक्त ते विद्यार्थी करत नाही. सर करतात, वॉर्डाच्या मधोमध, चाळीस पेशंट आणि त्यांच्या नातेवाइकांसमोर, आणि त्यात विद्यार्थ्याच्या आईवडिलांचाही उल्लेख येतो. त्यामुळे भाच्याला 'मला काय वाटलं' या रकान्यात काय भरायचं ते महिनाभर कळेना. त्याला काही वाटतं का, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या चिंतनात त्याने लिहिलं, 'भूक लागली होती.' सुपरवायझरने ते वाचून त्याला केबिनमध्ये बोलावलं. भाचा गार. तर ते म्हणाले, फार प्रामाणिक लिहिलंयस, तुला जेवणाची सुट्टी मिळत नाही का? आणि खरोखरच त्या आठवड्यापासून मिळायला लागली. वर्षातून एकदा तर नर्सपासून वॉर्ड क्लार्कपर्यंत सगळे याच्याबद्दलचं मत लिहून देतात. आपल्याकडच्या मावशी ते न विचारताच देतात, रोज, तोंडावर.

उत्पन्नाची एक वाट त्याने मला फार उशिरा सांगितली. मृताचं दहन करायचं असेल तर डॉक्टरने एक फॉर्म भरायचा, शरीरात पेसमेकर नाही ना हे बघायचं, कारण तो भट्टीत फुटतो, आणि त्याचे ८२ पौंड मिळायचे. तरुण डॉक्टरांनी त्याला नाव ठेवलं होतं 'ऍश कॅश'. ९ सप्टेंबर २०२४ पासून तो फॉर्म बंद झाला, तेव्हा भाचा हळहळला. ताईला कळलं तेव्हा ती हळहळली नाही. "मर्तिकाचे पैसे? आणि त्यातून तू मला साडी पाठवलीस?" साडी कामवाल्या बाईंना गेली. त्यांनी हसत नेली, 'पोराने लंडनहून पाठवली' म्हणून हळदीकुंकवाला नेसल्याही.

त्याच महिन्यात आणखी एक बदल झाला. तिकडे शिकाऊ डॉक्टरला ज्युनियर डॉक्टर म्हणत. तो कन्सल्टंट होईपर्यंत ज्युनियर, मग टक्कल पडो वा त्याची स्वतःची मुलं कॉलेजात जावोत. भरपूर संप-बिंप झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांचं नाव 'रेसिडेंट डॉक्टर' झालं. पगाराचा वाद चालूच राहिला, पण पाटी तरी बदलली. पाटीच्या बाबतीत ब्रिटिश फार हळवे. त्यांच्याकडे सर्जन झाला की डॉक्टर हा शब्द गळतो आणि माणूस पुन्हा साधा 'मिस्टर' होतो. कारण शल्यकर्म पूर्वी न्हावी करायचे. १५४० पासून दोघांची संघटना एकच होती, १७४५ मध्ये वेगळी झाली, आणि सर्जन लोकांनी जुन्या अपमानाचाच दागिना करून घातला. भाच्याला सर्जरीत जायचंय. मी ताईला हे अजून सांगितलेलं नाही. दारावर 'डॉ.' अशी पितळी पाटी करून तिने तीन वर्षं ब्रासोने पुसली आहे, तीवर 'श्री.' आलं तर ती मुलाला नाही, मला धरेल.

एवढं सगळं शिकवून हे लोक आपली माणसं स्वतःकडे ठेवतात, असं वाटेल तुम्हाला. छे. भाच्याबरोबरचे गोरे एफ-टू संपवतात आणि पुष्कळ जण बॅगा भरून ऑस्ट्रेलियाला जातात. एका वर्षाकरता, म्हणतात. पगार जास्त, ऊन जास्त. मग तिथली रिकामी जागा भरायला आमचा, आणि आमची रिकामी जागा भरायला मेळघाटात एक पत्र्याची पाटी, 'वैद्यकीय अधिकारी', आणि खाली कुलूप. मी भाच्याला विचारलं, मग ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर कुठे जातात? म्हणाला, "समुद्रावर."

यात त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला शिकायला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत, राजकोटला राबल्या, हे मी त्याला ऐकवून पाहिलं. त्याने शांतपणे विचारलं, "मामा, त्यांना नीट पीजी होती का?"

आता त्याची खरी प्रॅक्टिस चालते ती व्हॉट्सअ‍ॅपवर. रात्रपाळी संपवून तो झोपायला जातो तेव्हा इकडे दुपारची जेवणं झालेली असतात आणि नातेवाइकांना आजार आठवतात. रक्ताचे रिपोर्ट तिरके, अर्धे सावलीत. परवा सांगलीच्या त्याच्या आत्यांचा फोन आला तेव्हा मी कॉलवर होतो. गुडघा दुखत होता. पूर्वी त्याने दोन गोळ्यांची नावं सांगून फोन ठेवला असता. आता सवय लागलेली.

"आत्या, तुला स्वतःला काय वाटतं, कशाने दुखत असेल?"

आत्याने सांगितलं. नवीन फरशी, सांगलीची दमट हवा, १९८४ साली बैलगाडीतून पडणं, आणि सुनेने बदललेलं तेल. पाऊण तास गेला. भाचा जांभया देत होता, पण मधे बोलला नाही.

"बरं. आणि तुला काळजी कशाची वाटते?"

"तुझीच रे. त्या थंडीत कानाला काही बांधतोस का?"

"बांधतो. आता शेवटचं सांग, तुझ्या अपेक्षा काय आहेत?"

पलीकडे शांतता. मग आत्यांचा आवाज एकदम बदलला, आनंदाने भरून आला. "अरे, माझ्या कसल्या अपेक्षा! मुलगी शिकलेली असावी, चार माणसांत वागणारी असावी, एवढंच. तुझ्या आईने कधीपासून सांगून ठेवलंय, पण तू विषयच काढत नव्हतास!"

"आत्या, मी गुडघ्याबद्दल..."

"गुडघ्याला काय धाड भरलीय? तू झोप आता."

संध्याकाळपर्यंत तीन पत्रिका आल्या, फोटोसकट. गुडघ्याचा एक्स-रे अजून यायचाय.